सात पावसाळे आणि एक छत
जुन्या गोव्यातील एका कॉन्व्हेंटचे अवशेष

‘कॉन्व्हेंट’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर टाय लावलेली मुले आणि इंग्रजी माध्यमाची शाळा येते. आपल्या गावांत तर आता कोणत्याही नर्सरीच्या पाटीवर हा शब्द असतो. मग ती चालवणाऱ्यांचा ख्रिस्ती धर्मसंस्थेशी काडीचा संबंध नसला तरी चालते. थोडे अधिक जाणणारे म्हणतील, की कॉन्व्हेंट म्हणजे ख्रिस्ती जोगिणींचा मठ. तेही अर्धेच खरे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘एकत्र येणे’, ‘जमाव’ एवढाच आहे. पोर्तुगीज भाषेत पुरुषांच्या मठालाही ‘कॉन्व्हेंतु’च म्हणतात. तेव्हा या लेखात आपण ज्या कॉन्व्हेंटमध्ये जाणार आहोत तेथे ना शाळेची घंटा आहे, ना जोगिणी. तेथे आहे तो एक अर्धा उरलेला मनोरा, जांभ्या दगडाच्या कमरेएवढ्या भिंती, फरशीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळा आणि भरपूर गवत.

जुन्या गोव्याला सहल नेली की आपण साधारणपणे सेंट झेवियरचे शव असलेले बॉम जेझूस चर्च आणि समोरचे से कॅथीड्रल पाहतो आणि मुलांना मोजून बसमध्ये बसवतो. तेथून पश्चिमेला एक छोटी चढण आहे. पोर्तुगिजांनी त्या टेकडीला ‘मोंती सांतू’, म्हणजे पवित्र टेकडी, असे नाव दिले होते. तिच्या माथ्यावर सेंट ऑगस्टीनच्या कॉन्व्हेंटचे अवशेष आहेत. आम्ही काही शिक्षक मित्र तेथे पहिल्यांदा गेलो तेव्हा ‘पडकी इमारत आहे, पाच मिनिटांत पाहून होईल’ असा आमचा अंदाज होता. प्रत्यक्षात दुपार झाली, कारण धडधाकट इमारत आपले पोट दाखवत नाही, पडलेली दाखवते. भिंत किती जाड आहे, आत काय भरले आहे, कमान कोठून सुरू होते, हे सारे तेथे कापून ठेवल्यासारखे दिसते.

शहरातला मठ

मठ म्हटले की आपण रानातली शांत जागा कल्पितो. युरोपातील जुने ख्रिस्ती मठ तसेच होते. साधूंनी शहरापासून दूर राहायचे, शेती करायची, प्रार्थना करायची. तेराव्या शतकात मात्र तेथे एक वेगळा प्रकार सुरू झाला. शहरे वाढत होती आणि शहरातल्या माणसांना उपदेश करायला, शिकवायला, दुखण्याखुपण्यात मदत करायला साधू हवे होते. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, कार्मेलाइट आणि ऑगस्टिनियन हे साधूसंघ या गरजेतून पुढे आले. त्यांच्या साधूंना ‘फ्रायर’ म्हणत. मूळ अर्थ ‘भाऊ’. हे भिक्षेवर जगत, आणि भिक्षा मागायची तर वस्तीत राहायला हवे! म्हणून त्यांची कॉन्व्हेंटे शहराच्या तटाला लागून किंवा थेट शहरात असत. चर्च मोठे, कारण उपदेश ऐकायला गर्दी येई. राहण्याची जागा मात्र त्याला चिकटून, पण लोकांच्या नजरेआड.

अफोंसो द आल्बुकर्कने १५१० मध्ये आदिलशहाकडून गोवा घेतल्यावर मांडवीच्या काठावरचे हे बंदर पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील राज्याची राजधानी झाले. पाठोपाठ हे साधूसंघ एकेक करून आले. ऑगस्टिनियन सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले आणि त्यांनी टेकडीचा माथा निवडला. त्यांचे चर्च ‘नोसा सिन्योरा द ग्रासा’, म्हणजे कृपामाता, या नावाने १६०२ मध्ये पूर्ण झाले. शेजारीच त्यांचे विद्यालय होते. त्याच टेकडीवर समोर आर्चबिशप आलेश द मिनेझिश यांनी, जे स्वतः ऑगस्टिनियन होते, १६०६ मध्ये स्त्रियांसाठी सांता मोनिका कॉन्व्हेंट सुरू केले. ते १६२७ मध्ये बांधून झाले. या दुसऱ्या इमारतीकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे. तोवर ती लक्षात ठेवावी.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे आम्हाला बरे वाटत नाही. याच शहरात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा खंड सोडता, इन्क्विझिशन चालले. बाटवाबाटवी झाली, देवळे पाडली गेली, आणि कित्येक कुटुंबे आपापले देव घेऊन नदीपलीकडे गेली. या इमारतींच्या कारागिरीचे कौतुक करताना मुलांनी तो प्रश्न विचारला तर तो टाळू नये. दोन्ही गोष्टी एकाच टेकडीच्या आहेत.

चौक, ओसरी आणि खोल्या

कॉन्व्हेंटचा आराखडा समजायला आपला चौसोपी वाडा आठवावा. मधे उघडा चौक, चौकाभोवती कमानींची ओसरी आणि ओसरीच्या मागे खोल्या. ओसरीमुळे पावसात न भिजता आणि उन्हात न भाजता साधूंना एका दालनातून दुसऱ्यात जाता येई. शिवाय चौकातून उजेड आणि वारा मिळे. चौकाच्या एका बाजूला चर्चची लांब भिंत. उरलेल्या बाजूंना भोजनशाळा, स्वयंपाकघर, ग्रंथालय, आणि झोपण्याच्या छोट्या छोट्या खोल्या.

यातली एक खोली खास असे. तिला ‘चॅप्टर’ म्हणत. दररोज सर्वांनी तेथे जमून संघाच्या नियमांतील एक प्रकरण वाचायचे, दिवसाची कामे वाटून घ्यायची, चुका कबूल करायच्या. प्रकरण वाचण्याची खोली म्हणून ‘चॅप्टर’. तिला जोडून प्रार्थनेची जागा असे आणि संघातील मानाच्या व्यक्तींना तेथे पुरत. ही खोली ध्यानात ठेवली पाहिजे, कारण पावणेचारशे वर्षांनंतर तिच्या एका खिडकीने शास्त्रज्ञांना कामाला लावले.

चर्चमध्ये मधे एक लांबलचक सभागृह होते आणि दोन्ही बाजूंना छोटी प्रार्थनागृहे, अशी आठ. काही भिंतींवर झिलई दिलेल्या रंगीत फरशा होत्या. पोर्तुगीज त्यांना ‘आझुलेजु’ म्हणतात. अशा फरशा करण्याची जुनी रीत अशी: भाजलेल्या मातीवर कथलाच्या भस्माची पांढरी झिलई, तिच्यावर धातूंच्या भस्मांनी चित्र, आणि पुन्हा भट्टी. निळा रंग कोबाल्टचा. काच झालेला रंग पावसाने जात नाही. म्हणूनच छत जाऊन पावणेदोनशे वर्षे झाली तरी भिंतीच्या कोपऱ्यात चिकटून राहिलेल्या फरशांचे रंग आजही ओळखू येतात.

हवेत घट्ट होणारा दगड

ही सारी इमारत जांभ्याची. कोकणातल्या वाचकांना जांभा सांगायला नको. घाटावरच्या मुलांसाठी मात्र एक तुकडा वर्गात आणून ठेवावा. उष्ण आणि भरपूर पावसाच्या प्रदेशात हजारो-लाखो वर्षे पाणी झिरपत राहिले की मूळ खडकातली विरघळणारी द्रव्ये निघून जातात आणि लोह व अ‍ॅल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहतात. असा लालसर, भोकाभोकांचा दगड म्हणजे जांभा. शास्त्रात त्याला लॅटेराइट म्हणतात. हे नाव फ्रान्सिस ब्यूकॅनन यांनी १८०७ मध्ये दिले. मलबारात अंगाडिपुरम येथे त्यांनी लोकांना हा दगड विटांसारखा कापून वापरताना पाहिले होते, आणि लॅटिनमध्ये विटेला ‘लेटर’ म्हणतात.

त्याचा गुण असा, की खाणीतून काढताना तो ओला आणि मऊ असतो. पूर्वी तो कुऱ्हाडीसारख्या हत्याराने कापत. हे चिरे उन्हावाऱ्यात ठेवले की आतले पाणी जाते, लोहाच्या ऑक्साइडांचे स्फटिक पक्के होतात आणि दगड टणक बनतो. बांधणाऱ्याला यापेक्षा सोयीचे काय हवे? पण याच दगडाला दोन खोडी आहेत. एक, त्यावर बारीक नक्षी उठत नाही. म्हणून जुन्या गोव्यात जेथे नक्षीकाम करायचे होते तेथे काळा दगड आणला. बॉम जेझूसच्या दर्शनी भागाचा काळा दगड वसईकडून समुद्रमार्गे आलेला आहे. दुसरी खोड अशी, की जांभा पाणी पितो. बांधकामाच्या चिऱ्यांबाबतचे आपले भारतीय मानक सांगते, की चिऱ्याने वजनाच्या १२ टक्क्यांपेक्षा अधिक पाणी शोषता कामा नये. एक घनमीटर जांभा सुमारे २२०० किलोचा धरला आणि तो १० टक्केच पाणी प्याला असे मानले, तरी २२० लिटर होतात. म्हणजे भरलेले एक मोठे पिंप भिंतीच्या दर घनमीटरात बसले!

यावर त्या काळी उपाय होता चुन्याचा गिलावा. गोव्यात शिंपले भाजून चुना करीत. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियसला त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की विरलेला चुना होतो. तो भिंतीवर लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेऊन पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनतो. शिंपल्याचा शिंपला! फक्त आता तो भिंतीच्या आकाराचा. हा गिलावा पाणी पूर्ण अडवत नाही, पण आत शिरू पाहणाऱ्या धारेला थोपवतो आणि पाऊस थांबला की भिंतीला सुकू देतो. शिवाय स्वतः झिजून भिंतीला वाचवतो. साहजिकच दर काही वर्षांनी तो पुन्हा लावावा लागतो. बॉम जेझूस आज लालभडक दिसते ते काही त्याचे मूळ रूप नव्हे. त्याचा गिलावा १९५० च्या सुमारास उतरवला गेला, आणि तेव्हापासून उघडा पडलेला जांभा झिजतो आहे. ‘जुने दिसावे’ म्हणून जुन्या इमारतीची कातडी काढण्याचा हा प्रकार आम्हाला तरी कधी उमगला नाही.

मनोरा का उभा आणि छत का पडले?

ऑगस्टिनियनांच्या चर्चला एकूण चार मनोरे होते. आज उभा आहे तो दर्शनी बाजूचा एक, तोही अर्धा. त्याची उंची ४६ मीटर आहे, म्हणजे पंधरा मजली इमारतीएवढी. एवढ्या मऊसूत दगडाचा एवढा उंच मनोरा आपल्याच वजनाने खालचे चिरे भुगा करीत नाही काय? हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर द्यावा. गणित सोपे आहे. एक चौरस मीटर पायावर ४६ मीटर उंच जांभ्याचा खांब उभा केला, तर वजन ४६ गुणिले २२००, म्हणजे सुमारे एक लाख किलो. पायावरचा दाब होतो दर चौरस मिलिमीटरला सुमारे १ न्यूटन. मानकाप्रमाणे चिऱ्याने निदान ३.५ न्यूटन तरी सोसले पाहिजेत. म्हणजे खालचा चिरा चांगलाच निभावतो. दगडी इमारती सहसा दगड चिरडून पडत नाहीत. त्या पडतात तोल जाऊन.

आता छत पाहू. या चर्चचे छत लाकडी तुळयांचे नव्हते, दगडी कमानीचे होते. आपले नळीचे कौल उपडे ठेवावे, तसे. कमानीतला प्रत्येक दगड शेजाऱ्याला रेटतो आणि तो रेटा शेवटी भिंतीवर येतो. तो सरळ खाली येत नाही, तिरका येतो. म्हणजे भिंतीला तो बाहेर ढकलतो. किती? समजा कमानीचा गाळा १२ मीटर आणि छताचे वजन दर चौरस मीटरला १००० किलो. अर्धवर्तुळाकार कमानीसाठी ढोबळ हिशेब असा, की आडवा रेटा म्हणजे दर मीटरचे वजन गुणिले गाळा भागिले चार. उत्तर येते ३००० किलो. भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर तीन टन वजन रात्रंदिवस बाहेर ढकलत आहे असे समजा. हे आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतले आहेत. त्या चर्चची मापे नव्हेत.

वर्गात करून पाहण्यासारखे: दोन पुठ्ठे टेबलावर तंबूसारखे एकमेकांना टेकवून उभे करा. गुळगुळीत टेबलावर त्यांचे पाय सरकतात आणि तंबू बसतो. आता दोन्ही बाजूंना एकेक जाड शब्दकोश ठेवा. तंबू उभा राहतो. चर्चच्या जाड भिंती आणि बाजूची प्रार्थनागृहे हे छताचे शब्दकोश. प्रार्थनागृहांच्या आडव्या भिंती मुख्य भिंतीला काटकोनात भिडत आणि तिला बाहेर कलू देत नसत. भक्तीची जागा आणि टेकूची जागा एकच! हे गणित त्या बांधणाऱ्यांना ठाऊक नव्हते. लटकत्या साखळीचा आकार उलटा केला की उत्तम कमान मिळते, हे रॉबर्ट हूक यांनी १६७५ मध्ये, तेही अक्षरांची उलटापालट करून कोड्यात, छापले. गोव्यातले छत त्याआधी सत्तरहून अधिक वर्षे उभे होते. गवंड्यांकडे होते ते पिढ्यान्‌पिढ्यांचे ठोकताळे: इतका गाळा, तर इतकी जाड भिंत.

मग पडले कसे? येथे राजकारण येते. पोर्तुगालमधील यादवीनंतर सत्तेवर आलेल्या उदारमतवादी सरकारने ३० मे १८३४ रोजी हुकूम काढून पुरुषांचे सर्व धार्मिक संघ बरखास्त केले आणि त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. १८३५ मध्ये गोव्यातही अंमल झाला. ऑगस्टिनियनांना टेकडी सोडावी लागली. शहर तोवर तसेही ओस पडत आले होते. साथींना कंटाळून व्हाइसरॉयने १७५९ मध्येच पणजीला मुक्काम हलवला होता. तेव्हा एवढी मोठी इमारत कोणी सांभाळावी, हा प्रश्न कोणाचाच राहिला नाही. आणि १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले.

१८३५ ते १८४२. सात पावसाळे. सव्वादोनशेहून अधिक वर्षे उभे असलेले छत सात पावसाळ्यांत का पडावे? गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे छताच्या दर चौरस मीटरवर वर्षाला तीन टन पाणी, सात वर्षांत एकवीस टन. हे पाणी पन्हाळीतून वाहून गेले तर काही बिघडत नाही. पण पन्हाळी पानांनी तुंबते. एक कौल सरकते. गिलाव्याला तडा जातो. मागे पक्षी पिंपळाचे बी टाकून जातो. ओला चिरा जड होतो आणि त्याची ताकद कमी होते, सांध्यातला चुना धुपतो, मुळे सांधा उघडतात. कमानीचा एखादा दगड अंगठ्याएवढा घसरला तरी रेट्याची वाट बदलते आणि भिंत तसूभर बाहेर कलते. भिंत कलली की गाळा रुंदावतो, गाळा रुंदावला की कमान चपटी होते आणि चपट्या कमानीचा रेटा आणखी वाढतो. एकदा हे चक्र सुरू झाले, की शेवट ठरलेला. फ्रायर तेथे होते तोवर दर मे महिन्यात कोणीतरी छतावर चढत असणार, एवढाच काय तो फरक.

उरलेली इमारत पुढे सावकाश पडत गेली. दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ मध्ये गेला, आणखी काही १९३८ मध्ये. मनोऱ्यातली मोठी घंटा तोवर वाचवली होती. काही काळ ती आग्वादच्या दीपगृहात होती. १८७१ मध्ये ती पणजीच्या चर्चमध्ये नेऊन बसवली.

‘हे सारे तुमचे अनुमान झाले, पुरावा काय?’ असे एखादा चलाख विद्यार्थी विचारील. विचारलेच पाहिजे. म्हणून आता समोरच्या सांता मोनिकाकडे जाऊ. टेकडी तीच, दगड तोच, पाऊस तोच. काळही जवळपास तोच. मुद्दाम प्रयोग मांडावा तशी ही जोडी आहे. १६३६ मध्ये तेथे आग लागली आणि मोठी दुरुस्ती करावी लागली. भिंतींना बाहेरून दिलेले प्रचंड टेकू आजही दिसतात. १८३४ च्या हुकमानंतर या कॉन्व्हेंटला नव्या जोगिणी घेण्याची मनाई झाली, पण असलेल्यांना बाहेर काढले नाही. संख्या घटत घटत शेवटची जोगीण १८८५ मध्ये वारली. पुढे तेथे लष्कराने मुक्काम केला, १९६४ मध्ये जोगिणींच्या शिक्षणाची मातेर देई संस्था आली, आणि २००२ पासून तेथील चर्चमध्ये ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. वापर करणारे बदलले, पण छताखाली कोणी ना कोणी राहिले. ही तिमजली इमारत आज उभी आहे. अर्थात दोन इमारतींची तुलना म्हणजे निर्णायक सिद्धता नव्हे; छतांची रचना, गाळ्यांची रुंदी यांतही फरक असतो. तरीपण शंभर यार्डांवर असा नमुना मिळणे हे भाग्यच.

दुसरी खिडकी

आता त्या चॅप्टरच्या खोलीत परत जाऊ. गोष्ट सुरू होते दूर जॉर्जियात. तेथील काखेती राज्याची राणी केतेवान इराणचा शाह अब्बास पहिला याच्या कैदेत होती. धर्म सोडण्यास नकार दिल्यामुळे सप्टेंबर १६२४ मध्ये शिराझ येथे तिला हालहाल करून मारले. शिराझमध्ये तेव्हा ऑगस्टिनियन फ्रायर होते. त्यांनी गुपचूप तिच्या अस्थी काढून घेतल्या. काही अस्थी जॉर्जियाला गेल्या, काही १६२७ मध्ये गोव्याला आल्या. जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत नोंद होती, की त्या चॅप्टरच्या प्रार्थनागृहात, ‘पत्रांच्या बाजूच्या’ दुसऱ्या खिडकीत, दगडी पेटीत ठेवल्या आहेत. जॉर्जियात केतेवान संत मानली जाते. त्यामुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील अभ्यासक गोव्यात येऊन शोध घेऊ लागले.

पण खिडकी शोधायची कोठे? भिंती पडल्या होत्या आणि सर्वत्र ढिगारा होता. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तो वर्षानुवर्षे उपसला. आधी चौक सापडला पाहिजे, मग चौकावरून चॅप्टर, मग त्यातली वेदी कोठे होती ते. ‘पत्रांची बाजू’ म्हणजे वेदीकडे तोंड करून उभे राहिल्यावर उजवा हात. तेथून बायबलमधील प्रेषितांची पत्रे वाचीत. डावी बाजू शुभवर्तमानाची. ही प्रथा ठाऊक नसेल तर कागद हातात असूनही शोध चुकीच्या भिंतीशी चालेल. इमारतीचा आराखडा, धर्मविधी आणि जमिनीतल्या थडग्यांच्या शिळा यांची सांगड घालत अखेर २००४ मध्ये तेथे हाताच्या लांब हाडाचा तुकडा मिळाला. त्याशिवाय आणखी दोन अस्थी-नमुने तपासायला होते.

हाड कोणाचे, हे हाड सांगू शकेल? हैदराबादच्या पेशी व रेणु जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी हे काम घेतले. आपल्या पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो हे दहावीच्या पुस्तकात आहे. पण पेशीतल्या तंतुकणिकांमध्येही स्वतंत्र छोटा डीएनए असतो. त्याचे दोन फायदे. तो फक्त आईकडून येतो, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या न मिसळता उतरतो. आणि एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, त्यामुळे चारशे वर्षांनंतरही काही तुकडे शिल्लक राहण्याची आशा असते. गोव्याची दमट, उष्ण हवा डीएनएची शत्रूच. शिवाय हाताळणाऱ्या माणसाच्या त्वचेतला डीएनए नमुन्यात मिसळण्याचे भय. म्हणून हाडाचा वरचा थर खरवडून टाकून आतली पूड घेतात आणि सर्व चाचण्या वेगळ्या, स्वच्छ खोलीत पुन्हा पुन्हा करतात.

निकाल असा आला, की तीन नमुन्यांपैकी खिडकीजवळ सापडलेल्या हाडाचा मातृवंश ‘यू-१-बी’ नावाच्या गटाचा आहे. भारतीय उपखंडातील २२ हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी पाहिल्या, त्यात हा गट एकाचाही नव्हता. जॉर्जियातील ३० जणांची तपासणी केली, त्यात दोघांचा होता. २०१४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकातच ‘बहुधा’ हा शब्द आहे, आणि तो महत्त्वाचा आहे.

वर्गात येथे थांबून विचारावे: यावरून काय सिद्ध झाले? हे हाड केतेवानचे, असे डीएनए सांगत नाही. तिचा नमुना कोठे आहे जुळवून पाहायला? हा गट जॉर्जियाच्या शेजारच्या प्रदेशांतही आढळतो. डीएनए एवढेच म्हणतो, की हे माणूस स्थानिक असण्याचा संभव फार थोडा आणि त्या बाजूचे असण्याचा बराच. पण कागद म्हणतो ‘दुसरी खिडकी’, उत्खनन म्हणते ‘हीच ती जागा’, आणि प्रयोगशाळा म्हणते ‘परदेशी, बहुधा कॉकेशसकडची’. तीन साक्षीदार एकमेकांना न भेटता तेच सांगू लागले, की न्यायाधीशाची मान हलते. जर तिन्ही नमुने याच गटाचे निघाले असते, तर उलट आम्हाला मिश्रणाची शंका आली असती.

२०१७ मध्ये या अस्थी काही काळासाठी जॉर्जियाला नेल्या होत्या. जुलै २०२१ मध्ये भारत सरकारने त्यांतला एक भाग त्या देशाला कायमचा भेट दिला.

सहल नेणाऱ्यांसाठी थोडे. जुन्या गोव्यातील चर्च आणि कॉन्व्हेंटे १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत आणि हे अवशेषही त्यात येतात. तेव्हा चिऱ्याचा तुकडा खिशात घालू देऊ नये. मुलांना चर्चच्या मधोमध उभे करावे आणि छत कोठून सुरू होत असेल ते दोन्ही भिंतींवर शोधायला सांगावे. पावलांनी गाळा मोजून वर दिलेला रेट्याचा हिशेब तेथेच करून घ्यावा. चौकातून चॅप्टरकडे जाऊन वेदीच्या जागेकडे तोंड करून उजवीकडची दुसरी खिडकी मोजावी. मग रस्ता ओलांडून सांता मोनिकाचे टेकू पाहावेत. परतीच्या वाटेवर पणजीत चर्चच्या पायऱ्यांपाशी बस थांबवता आली तर उत्तम. सर्वांत वर, दर्शनी भागाच्या मधोमध दिसते ती मोठी घंटा या मनोऱ्यातली आहे. ती अजून वाजते.